अब्राहामाची कन्या आणि आमची वही

वाचनभाग : लूक १३:१०-१७, २ शमुवेल ९ व १९:२४-३९, प्रेषितांची कृत्ये ६:१-७, १ तीमथ्य ५:३-१६



या वेळचा अभ्यास माझ्या एका चुकीपासून सुरू करावा लागतो. अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगरातल्या एका पाड्यावर मी वही घेऊन घरोघर फिरत होते. मदत कोणाला पोहोचवायची याची यादी करायची होती. वहीत एक रकाना होता : घरात कोणी अपंग आहे का? पाड्याच्या वरच्या टोकाच्या घरी कर्ता मुलगा ओट्यावर बसला होता. त्याला विचारले. तो म्हणाला, "नाही ताई, आमच्यात तसं कोणी नाही." तेवढ्यात त्याची आई पाण्याचा लोटा घेऊन आली. बसल्या बसल्या, एक हात जमिनीवर टेकत, सरकत सरकत ती उंबऱ्यापर्यंत आली. मी पाणी प्याले, "आजी, बरी आहेस ना?" असे विचारले आणि वहीत लिहिले, "निरंक."

खालच्या घरी एक आजोबा होते. मोहाच्या झाडावरून पडून त्यांचा पाय मोडला होता. त्यांचे नाव मी विचारायच्या आधीच घरच्यांनी सांगितले. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले प्रमाणपत्र दाखवले. अंगणात तीनचाकी सायकल होती. उतारावरच्या घरात ती कोण आणि कुठे चालवणार? तिच्यावर कोंबड्या बसल्या होत्या. त्या पाड्यातून माझ्या वहीत दोन नावे आली, दोन्ही पुरुषांची.

चार महिन्यांनी त्याच पाड्यातल्या स्त्रियांच्या सभेत मी लूकच्या तेराव्या अध्यायातला पाठ घेतला. अठरा वर्षे वाकलेली, सरळ उभे राहता न येणारी ती स्त्री. पाठ घेताना आपण श्रोत्यांना प्रश्न विचारतो, तसा मी विचारला, "अशी बाई तुम्ही कुणी पाहिली आहे का?" मागे बसलेली एक तरुण सून हसली आणि म्हणाली, "ताई, आमच्याच घरी आहे की. तुम्ही तिच्या हातचं पाणी प्यायलात." (बोलणे भिलीत झाले, इथे मराठीत देत आहे.) मग दुसरी म्हणाली, आमच्याकडे पण. तिसरी म्हणाली, माझ्या आईचे डोळे गेलेत, पण ती भाकरी करते. त्या दिवशी पाठ पुढे नेणे मला जमले नाही. प्रार्थना करून सभा आटोपली.

मुलगा खोटे बोलला नव्हता, हे आधी सांगते. त्याच्या मते आई अपंग नाहीच, ती म्हातारी आहे. पाय मोडला तर तो अपघात. त्याला तारीख असते, कारण असते, गाव जमते. पण गुडघे हळूहळू झिजत गेले, आधी चढ चढवेना, मग उभे राहवेना, त्याला तारीख नसते. शिवाय आजी कामाला थांबली नव्हती. ती धान्य निवडत होती, नातवंडे सांभाळत होती, चुलीजवळ बसून भाकरी थापत होती. पुरुषाला शेतात जाता आले नाही की तो अपंग ठरतो. स्त्रीचे काम घरात सरकत सरकतही होते, म्हणून तिची अडचण दिसतच नाही.

हे एका पाड्यापुरते नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांत पुरुष सुमारे दीड कोटी आणि स्त्रिया सुमारे १ कोटी १८ लाख. आकडा पाहिला तर वाटेल, अपंगत्व हा पुरुषांचाच प्रश्न जास्त आहे. कामावरचे आणि रस्त्यावरचे अपघात पुरुषांना अधिक होतात, हे खरेच. पण आता दुसरी नोंद पाहा. २०१७-१८ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने पंचेचाळीस वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची देशभर पाहणी झाली. तिच्यात 'अपंग आहात का' एवढेच विचारून थांबले नाहीत. आंघोळ करणे, कपडे घालणे, जेवणे, अंथरुणातून उठणे, शौचाला जाणे, खोलीत चालणे यांत अडचण येते का, हे विचारले. साठीच्या पुढच्या लोकांत साधारण चौघांमागे एकाने यांतल्या निदान एका कामात अडचण सांगितली आणि ती सांगणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होते. गरीब आणि न शिकलेल्यांतही ते जास्त. जनगणनेत साठीपुढच्या शंभरांत अपंग म्हणून जेमतेम पाच नोंदले गेले होते. दोन्ही पाहण्यांची मोजण्याची रीत वेगळी, हे लक्षात घेऊनही एक गोष्ट उरते : प्रश्न बदलला, तेव्हा उंबऱ्याआडच्या आज्या दिसू लागल्या.

स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक वर्षे जगतात, पण ती वाढलेली वर्षे पुष्कळदा दुखण्यात जातात. आमच्या डोंगरात हे समजायला पुस्तक लागत नाही. लहानपणापासून डोक्यावर हंडा, मग मोळी. मोहाची फुले वेचायची ती वाकूनच. भात लावायचा तो वाकून. चुलीचा धूर डोळ्यांत आणि छातीत. बाळंतपण झाले की चार दिवसांत पुन्हा पाणी भरायला. त्यातून अंग बाहेर येण्याचा त्रास पुष्कळ जणींना जडतो. त्याविषयी त्या नवऱ्यालाही सांगत नाहीत आणि डॉक्टर पुरुष असेल तर त्यालाही नाही. वर्षानुवर्षे तसेच चालतात, नंतर चालणेच कमी करतात. माझ्या वहीत या दुखण्यासाठी रकाना नव्हता. शासनाच्या अपंगत्वाच्या यादीतही ते नाही.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. म्हातारपण आणि शरीराचे पांगळेपण यांविषयी शास्त्रात पुष्कळ सापडते, पण आपण ती माणसे एकमेकांशेजारी ठेवून पाहत नाही. आज तिघांना शेजारी ठेवू.

पहिला बर्जिल्लय. दावीद राजा परत निघाला, तेव्हा त्याला यार्देनेपर्यंत पोहोचवायला आलेला हा ऐंशी वर्षांचा माणूस. राजा त्याला म्हणतो, माझ्याबरोबर यरुशलेमेस चल, मी तुझे पालनपोषण करीन. तो नको म्हणतो. अन्नाची चव कळत नाही, गाणाऱ्यांचा आवाज नीट ऐकू येत नाही, मी राजाला भार का व्हावे, असे तो कारण देतो. स्वतःच्या गावी, आईबापांच्या कबरीजवळ मरू द्यावे अशी विनंती करतो आणि आपल्याऐवजी किम्हामला पाठवतो. कान गेले, जीभ गेली, पण त्याचा शब्द गेला नाही. शास्त्र स्पष्ट सांगते की तो फार श्रीमंत होता. राजाने बोलावले तरी 'नको' म्हणण्याची ऐपत त्याच्याजवळ होती.

दुसरा योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ. तो म्हातारा नाही, पण दोन्ही पायांनी लंगडा आहे. पाच वर्षांचा असताना दाई त्याला घेऊन पळत होती, तेव्हा तो पडला. दावीद त्याला आजोबांची सगळी जमीन परत देतो. ती कसायला सीबा, त्याचे पंधरा मुलगे आणि वीस चाकर. मफीबोशेथ राजाच्या पंक्तीला जेवतो. पाय दोन्ही गेलेले, तरी जमीन नावावर आहे आणि कसणारे हात आहेत. पण एकोणिसाव्या अध्यायात त्याची एक तक्रार आहे, ती आपण भरभर वाचून जातो. तो राजाला सांगतो, मी लंगडा आहे, म्हणून गाढवावर खोगीर घालून निघावे असा माझा विचार होता, पण माझ्या चाकराने मला फसवले. एवढी जमीनजुमला असलेल्या माणसाचेही जाणे-येणे शेवटी गाढव तयार करून देणाऱ्यावर अवलंबून राहिले. मग जिच्याजवळ गाढवही नाही, तिचे काय?

ती तिसरी, लूकमधली स्त्री. तिचे नाव दिलेले नाही, वयही नाही, नवरा-मुलांचा उल्लेख नाही. फक्त अठरा वर्षे. ती काही मागत नाही. शब्बाथाला सभास्थानात आली आहे एवढेच. येशू तिला पाहतो आणि बोलावतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. आंधळा बार्तीमय मोठ्याने ओरडला, रक्तस्राव होणाऱ्या स्त्रीने मागून येऊन वस्त्राला हात लावला, पण ही गप्प आहे. आमच्या आज्या अशाच गप्प असतात. पाहणाऱ्यानेच पुढे व्हायचे असते.

सभास्थानाचा अधिकारी रागावतो आणि लोकांना सांगतो, कामाचे सहा दिवस आहेत, त्या दिवशी येऊन बरे व्हा. वरवर पाहता यात गैर काय? नियमाचेच बोलतो आहे. मला मात्र आता हे वाक्य वाचले की एका खिडकीवरचा माणूस आठवतो. "आज होत नाही, बोर्डाच्या दिवशी या." बरोबरच आहे, प्रमाणपत्राच्या तपासणीचे दिवस ठरलेले असतात. पण त्या दिवशी तिला घेऊन कोण येणार, हे त्या अधिकाऱ्याने विचारले नाही आणि खिडकीवरच्या माणसानेही नाही.

येशूचे उत्तर शेतकऱ्याला लगेच कळेल असे आहे. शब्बाथाला तुम्ही गव्हाणीचा बैल किंवा गाढव सोडून पाण्यावर नेता की नाही? मग अब्राहामाची ही कन्या अठरा वर्षे बांधलेली, तिला सोडू नये काय? आमच्याकडे बैलाचा पाय मुरगळला तर त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरला फोन जातो. यात निर्दयपणा नाही, हिशेब आहे. बैल गेला तर पेरणी गेली. आजीला तालुक्याला न्यायचे तर जीपचे भाडे, सोबतच्या माणसाची दोन दिवसांची मजुरी आणि वर जेवणखाण. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत असते, पण मोफत शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचणे मोफत नसते. घरात एकाचीच सोय होणार असेल तर आधी कमावत्याची, मग म्हाताऱ्याची, शेवटी म्हातारीची. आणि तीच सांगते, "माझं काय, मी आता किती दिवसांची?" हे ऐकून आपल्याला तिचे कौतुक वाटते. मला वाटते, कौतुक करून आपण हात मोकळे करतो. येशूने तिला 'अब्राहामाची कन्या' म्हटले, ते दया म्हणून नव्हे. घराण्यातला तिचा वाटा त्याने सर्वांसमोर मोजून दाखवला.

तिघांना शेजारी ठेवल्यावर काय दिसते? शरीराची उणीव तिघांतही आहे. तिचे ओझे किती होते, हे मात्र नावावर काय आहे, घरात कोण आहे आणि आपला शब्द कोण ऐकतो यांवर ठरते. आपल्या देशाचा २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही हेच धरून चालतो : शरीराची उणीव आणि भोवतीचे अडथळे मिळून अपंगत्व घडते. आता स्त्रीच्या भोवतीचे अडथळे पाहा. २०११ च्या जनगणनेनुसार साठीपुढच्या स्त्रियांत जवळजवळ निम्म्या विधवा होत्या, पुरुषांत विधुर शंभरात पंधरा. म्हणजे म्हाताऱ्याचे पाय गेले तर बहुधा बायको जवळ असते. म्हातारीचे पाय जातात, तेव्हा नवरा आधीच गेलेला असतो. आणि आमच्या भागात सूनही नसते. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली जोडपी गुजरातेत ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यापर्यंत येत नाहीत. पाड्यावर उरतात म्हातारी माणसे, नातवंडे आणि शेळ्या. जिची काळजी घ्यायची, तिच्यावरच सगळ्यांची काळजी असते.

कागदांचेही असेच. वरच्या घरच्या आजीसाठी आम्ही धावपळ सुरू केली, तेव्हा तीन वाटा होत्या. श्रावणबाळ योजनेसाठी वय पासष्ट लागते. आजीच्या आधारकार्डावर जन्मतारीख १ जानेवारी आणि हिशेबाने वय अठ्ठावन्न. तिच्या थोरल्या नातवाला मूल आहे. कुणीतरी अंदाजाने घातलेल्या तारखेने तिची सात-आठ वर्षे कमी करून टाकली. संजय गांधी निराधार योजनेत विधवा म्हणून अर्ज करता येतो, पण त्याला नवऱ्याचा मृत्यूचा दाखला हवा. तो घरीच वारला, नोंद कुणी केली नाही, आणि वर्ष उलटल्यावर नोंद करायला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. तिसरी वाट दिव्यांग प्रमाणपत्राची. किमान चाळीस टक्के अपंगत्व लागते, अर्ज ऑनलाइन भरायचा आणि मोबाइलवर येणारा क्रमांक सांगायचा. मोबाइल मुलाजवळ आणि मुलगा ऊसतोडीला. खालच्या घरच्या आजोबांकडे शाळेचा दाखला होता, सातबारावर नाव होते आणि त्यांचे कागद करायला बायको तीन वेळा तालुक्याला गेली होती. अपंगत्व दोघांचेही खरे आहे. कागद एकाकडेच आहेत.

आता आपल्या मंडळीकडे येते, कारण बोट बाहेर दाखवणे सोपे असते. प्रेषितांची कृत्ये सहाव्या अध्यायात कुरकुर कशावरून झाली? रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवा राहून जात होत्या. पवित्र आत्म्याने भरलेली, सगळे सामाईक ठेवणारी मंडळी, आणि तिच्या यादीतून विधवा सुटल्या. कुणी त्यांचा द्वेष करत होते असे नाही. त्या दुसरी भाषा बोलत होत्या, वाटप करणाऱ्यांच्या नजरेच्या टप्प्यात नव्हत्या. प्रेषितांनी त्यावर केवळ उपदेश न करता सात माणसे नेमली. नावे पाहा, सातही ग्रीक आहेत. पुढे पौल तीमथ्याला लिहितो, तेव्हा साठ वर्षांवरच्या विधवांच्या यादीचा उल्लेख येतो. म्हणजे पहिल्या शतकातल्या मंडळीजवळ वय लिहिलेली वही होती! ज्यांचे घरचे आहेत त्यांना घरच्यांनी पाहावे, हेही तिथे स्पष्ट आहे. आजीच्या मुलाला आम्ही तो भाग वाचून दाखवला, पण तो ऊसतोडीहून आल्यावर. आधी दाखवून उपयोग नव्हता.

आम्ही वही बदलली. 'अपंग आहे का' हा रकाना काढून टाकला. वॉशिंग्टन गट म्हणून ओळखला जाणारा, संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने नेमलेला एक गट आहे. त्याचे सहा साधे प्रश्न आहेत : चष्मा असला तरी दिसायला त्रास होतो का, ऐकायला, चालायला किंवा पायऱ्या चढायला, लक्षात ठेवायला, आंघोळ-कपडे स्वतः करायला, आणि बोललेले समजायला किंवा समजावून सांगायला. उत्तरे चार : नाही, थोडा, खूप, अजिबात जमत नाही. आम्ही ते भिलीत करून घेतले आणि एक नियम जोडला : विचारायचे त्या व्यक्तीलाच, घरच्या कर्त्याला नाही, आणि स्त्रीला विचारणारी स्त्रीच असावी. अंग बाहेर येण्याविषयीचा प्रश्न आम्ही स्वतःहून सातवा घातला. पहिल्या दिवशी तो विचारायला आमच्याच मुली लाजत होत्या. उत्तर देणाऱ्या मात्र लाजल्या नाहीत. एकीने विचारले, "इतकी वर्षं का नाही विचारलंत?"

दानकर्त्यांना एक विनंती, आणि ती स्पष्ट करते. चाकाची खुर्ची देण्याची पुष्कळांची इच्छा असते, फोटोही चांगला येतो. सपाटीवर ती मोलाची आहे. डोंगरातल्या पाड्यावर मात्र रबराचे बूच असलेली चांगली काठी, शौचासाठी भोक असलेली खुर्ची आणि न्हाणीजवळ धरायला पक्का खांब अधिक उपयोगी पडतो. चष्मा, काठी, कानाचे यंत्र अशी साधने दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून विनामूल्य मिळतात. ती आपण विकत घेण्यापेक्षा शिबिरापर्यंत माणूस नेऊन पोहोचवणे जास्त गरजेचे आहे. म्हणून या तिमाहीत आम्ही दान मागतो ते जीपच्या भाड्यासाठी आणि सोबत येणाऱ्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीसाठी. या खर्चाचा फोटो काढता येत नाही. पावत्या मात्र ठेवल्या आहेत, कोणीही येऊन पाहाव्यात.

शहरातल्या मंडळ्यांसाठीही हा पाठ आहेच. मागच्या बाकावरची कोणती बहीण हल्ली उपासनेला दिसत नाही? पायऱ्या चढवत नाहीत म्हणून की ऐकू येत नाही म्हणून, हे कुणी तिच्या घरी जाऊन तिलाच विचारले आहे का? येत्या महिन्याच्या स्त्री-संघाच्या सभेत लूकचा हा भाग वाचून झाल्यावर एवढीच नावे लिहून काढावीत, आणि घरी कोण जाणार तेही तिथेच ठरवावे.

प्रार्थनेसाठी : आजीची प्रमाणपत्राची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. मागच्या वेळी गेलो तेव्हा बोटांचे ठसे यंत्राने घेतलेच नाहीत. इतकी वर्षे काम करून तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. आता डोळ्यांवरून ओळख पटवायची आहे, आणि एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. जीप ठरली आहे. सून सोबत येईल, तिच्या दोन दिवसांच्या मजुरीची तरतूद झाली आहे. परवा मी आजीला विचारले, "येशील ना?" ती म्हणाली, "येते, पण शेळ्या कोण पाहील?" त्याची सोय अजून झालेली नाही.